हत्तीची वेठ, माणसाची वेठ

२०२५ च्या जुलैत आमच्या भागात एका हत्तिणीवरून रान पेटलं. नांदणीच्या जैन मठातली महादेवी. लोक तिला माधुरी म्हणतात. १९९२ पासून ती मठात होती, मिरवणुकीत चालायची. मुंबई हायकोर्टानं तिला जामनगरच्या प्राणीकेंद्रात हलवायचा हुकूम केला, सुप्रीम कोर्टानं तो कायम ठेवला आणि ती गेली. मग गावंच्या गावं रस्त्यावर आली. नांदणी ते कोल्हापूर हजारो माणसं पायी चालली. आमच्या वस्तीतली पोरंही होती त्यात.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात साइडर आहे. त्या आठवड्यात तिसरी पाळी होती. रात्री तीनच्या चहाला वाद जुंपला. एकजण म्हणाला, "हत्तीण आमची लेक हाय." दुसरा म्हणाला, "लेकीच्या पायात साखळी घालतंय व्हय कोण?" तिसरा आपल्यातला. जयंतीला, मोर्चाला पुढं असणारा. तो म्हणाला, "अजून माणसाला माणूस म्हणायला तयार न्हाईत लोक. आणि आपण हत्तिणीच्या नावानं रडायचं? आपला काय संबंध, सांग की! तू लई वाचतोस न्हवं?"

मी गप्प बसलो. सुट्टी संपली, आम्ही मशिनीवर गेलो. समोर चात्या गरगरत होत्या आणि डोक्यात त्याचा प्रश्न.

त्याचा प्रश्न खोटा नाही, म्हणून उत्तरही नीट द्यायला पाहिजे. मी दहावीपर्यंत शिकलो. इतिहास पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून वाचला. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळं कुठला धडा आधी आणि कुठला नंतर हेही माझं मीच ठरवलं. जे हाती लागलं त्यातून हे उत्तर लिहितोय.

१

आधी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

मी सहा-सात वर्षांचा असेन. गावात एक दरवेशी अस्वल घेऊन आला. काळं, केसाळ, नाकातून दोरी ओवलेली. दरवेशाच्या एका हातात काठी, दुसऱ्यात डमरू. काठी आपटली, दोरी वर ओढली की अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहायचं आणि हिंदकळायचं. लोक म्हणायचे, नाचतंय. चौकात कट्ट्यावर गावची मोठी माणसं बसलेली. त्यांच्या पोरांचं कडं पुढं, आम्ही बौद्धवाड्यातली पोरं त्या कड्याच्या मागं. बायांनी पोरांच्या गळ्यात बांधायला अस्वलाचे केस मागून घेतले. मग एक पोलीस आला. खेळ बंद झाला. दरवेशाच्या फडक्यातल्या नोटा उचलून तो गेला. खेळ बघणाऱ्यांना तो काही बोलला नाही.

दिवस मावळला. गावात दरवेशाला कुणी उतरू दिलं नाही. तो आमच्याकडं आला. समाजमंदिराच्या मागं खुंटा ठोकून त्यानं अस्वल बांधलं. आज्जीनं भाकरी दिली. त्यानं अर्धी खाल्ली, अर्धी अस्वलाला घातली. मी जवळ जाऊन बघितलं. अस्वलाच्या नाकाचं भोक पिकलं होतं, माशा बसत होत्या. तोंडात सुळे नव्हते. दरवेशाच्या पायात चप्पल नव्हती.

आज्जी म्हणाली, "बाबा, सोडून का देत न्हाईस त्याला?"

तो म्हणाला, "छोडा तो ये भी मरेगा, हम भी मरेंगे, अम्मा."

पुढं वाचलं तेव्हा कळलं, ते सुळे आपोआप पडलेले नव्हते. रानातून पिल्लू चोरायचं. त्यासाठी बऱ्याच वेळा आईला मारायचं. पिल्लाच्या नाकातून तापलेली सुई आरपार घालून दोरी ओवायची. सुळे पाडायचे किंवा कानशीनं घासायचे. मग ते पिल्लू जन्मभर दुखण्याच्या भीतीनं उभं राहतं. त्याला आपण नाच म्हणतो.

त्या चौकात दोरीचं एक टोक अस्वलाच्या नाकात होतं, दुसरं दरवेशाच्या हातात. कट्ट्यावर बसलेल्यांच्या हातात दोरी नव्हती. नंतर इतिहास वाचत गेलो आणि जिथं जिथं रानातलं जनावर माणसाच्या करमणुकीला जुंपलेलं दिसलं, तिथं हेच तिघं भेटले. दोरीतलं जनावर, दोरी धरणारा गरीब आणि वर बसून बघणारा. (तमाशा हा शब्द मी इथं मुद्दाम वापरत नाही. तो आपल्या कलावंतांचा आहे.)

२

सुरुवात लांबून करतो, म्हणजे रोग फक्त आपल्याकडचाच आहे असं वाटायला नको.

रोममधलं कोलोसियम इ. स. ८० साली उघडलं. शंभर दिवस खेळ चालले. कॅसियस डिओ या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की त्या खेळांत नऊ हजार जनावरं मारली. आफ्रिकेतून सिंह, बिबटे, हत्ती जहाजांत भरून आणायचे. दिवसाची आखणी ठरलेली असायची. सकाळी जनावरांची शिकार, दुपारी गुन्हेगार ठरवलेल्यांना देहदंड, त्यानंतर ग्लॅडिएटरांच्या लढती. देहदंडातली काही माणसं जनावरांपुढं टाकली जायची. जनावरांशी लढायला उतरवलेल्यांत युद्धकैदी आणि गुलाम असायचे. वाळू तीच. सकाळी तिच्यावर जनावराचं रक्त, दुपारनंतर माणसाचं. बसायच्या पायऱ्यासुद्धा पायरीप्रमाणं होत्या. सिनेटर खाली, रिंगणाला लागून. गरीब आणि बायका सगळ्यात वर, लांब. चातुर्वर्ण्य हा शब्द त्यांना माहीत नव्हता एवढंच.

तुम्ही म्हणाल, ही दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. मग दीडशे वर्षांपूर्वीची ऐका.

जर्मनीत हॅम्बुर्गला कार्ल हागेनबेक नावाचा जनावरांचा बडा व्यापारी होता. युरोप-अमेरिकेतल्या सर्कशींना आणि प्राणीसंग्रहालयांना तो वाघ-सिंह-हत्ती पुरवायचा. १८७५ च्या सुमारास त्यानं उत्तरेकडचे रेनडियर आणले आणि त्यांच्यासोबत ते पाळणारं सामी लोकांचं कुटुंबही आणलं. माणसं बघायलाच गर्दी लोटली. व्यापाऱ्याला धंद्याची नवी वाट सापडली. पुढं सुदानकडचे लोक आले, सिंहली आले. १८८० साली लॅब्राडोरहून आठ इन्युइट आणले. त्यांना देवी टोचायची राहून गेली. जानेवारी १८८१ पर्यंत आठच्या आठ देवीच्या रोगानं मेले. त्यांतल्या अब्राहम नावाच्या माणसाला लिहिता येत होतं. त्यानं रोजनिशी ठेवली होती, म्हणून बघितल्या जाणाऱ्याची बाजू आज आपल्याला कळते. लिहिणं का गरजेचं आहे, हे या पानांच्या वाचकांना मी सांगायला नको.

आणखी एक नाव लक्षात ठेवा. ओटा बेंगा. काँगोच्या जंगलातला म्बुटी तरुण. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुइसच्या प्रदर्शनात त्याला दाखवायला नेलं. सप्टेंबर १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणीसंग्रहालयानं त्याला माकडांच्या घरात ओरांगउटानबरोबर ठेवलं. हजारो लोक तिकडं लोटले. काळ्या पाद्र्यांनी आवाज उठवला. रेव्हरंड जेम्स गॉर्डन त्यांत पुढं होते. तेव्हा कुठं प्रदर्शन थांबलं. मार्च १९१६ मध्ये लिंचबर्ग गावी ओटा बेंगानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. ज्या संस्थेचं ते प्राणीसंग्रहालय, तिनं माफी मागितली २०२० साली. एकशे चौदा वर्षांनी.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. पिंजरा आधी जनावरासाठी बांधतात. तो बांधणं एकदा लोकांना साधं वाटायला लागलं की ज्याला ज्याला जनावर ठरवता येतं, त्याला त्यात घालायला फार वेळ लागत नाही. ठरवणं म्हणजे काय, ते आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आपल्यातले काहीजण यावर उलट बोलतात. म्हणतात, महाडच्या चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि आपल्या माणसांना मज्जाव होता. आपल्याला जनावराच्याही खाली ठेवलं. मग आपण जनावराची बाजू कशी घ्यायची? मित्रांनो, १९२७ साली बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा समोर जनावरं उभी नव्हती. तळ्यावर मज्जाव गाई-म्हशींनी केला नव्हता. तो करणारे कोण होते, ते आपल्याला चांगलं माहीत आहे.

३

आता आपल्या मातीत येऊ.

साठमारी हा शब्द कोल्हापूरकडच्या माणसाला नवा नाही. कोल्हापुरात त्या नावाची जागा आजही आहे. मस्तीत आलेला हत्ती भिंतींच्या रिंगणात सोडायचा. साठमार म्हणजे भाला नि फडकं घेऊन त्याला डिवचणारी माणसं. हत्ती अंगावर धावून आला की साठमारानं भिंतीतल्या अरुंद वाटेतून निसटायचं. तिथून माणूस जातो, हत्ती जात नाही. वर सरकार आणि पाहुणे बसलेले. बडोद्याला गायकवाडांच्याही दरबारी हा शौक होता. १८६० च्या दशकात लुई रूसले नावाच्या फ्रेंच प्रवाशानं तिथल्या हत्तींच्या खेळाचं वर्णन लिहून ठेवलंय. साठमार वेळेत निसटला तर शाबासकी आणि बक्षीस. नाही निसटला तर त्याच्या घरच्यांचं काय झालं, ते वर्णनात शोधून सापडत नाही.

इथं माझा हात जरा अडखळतो, पण लिहिलंच पाहिजे. कोल्हापुरात साठमारीचा आणि चित्त्यांकरवी काळविटाची शिकार करण्याचा शौक छत्रपती शाहू महाराजांना होता. आपले शाहू महाराज. १९०२ साली मागासलेल्यांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखणारे. १९१८ साली महार वतन मोडून वेठीतून सोडवणारे, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची हजेरी बंद करणारे, फासेपारध्यांना जवळ करून नोकऱ्या देणारे. १९२० साली माणगावच्या परिषदेत बाबासाहेब हेच तुमचे पुढारी, असं जाहीर सांगणारे. माणगाव माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. दरवर्षी जातो. त्याच राजाच्या करमणुकीसाठी रिंगणात हत्ती डिवचला जात होता.

दोन्ही खरं आहे. एक सांगून दुसरं झाकलं तर आपण जुन्या बखरकारांच्याच रांगेत बसू. विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत स्वच्छ शब्दांत सांगून ठेवलाय. त्यात आपल्या माणसांना सूट ठेवलेली नाही.

मला त्यातून एवढं कळतं. ज्या राजाला माणसाची वेठ सलली, त्याला हत्तीची वेठ दिसली नाही. म्हणून महाराज लहान होत नाहीत. त्यांच्या काळात, त्यांच्या गादीवर बसून जेवढं दिसलं त्याच्या कितीतरी पुढं त्यांनी बघितलं. राहिलेलं बघायचं काम आपल्याकडं आलंय.

वेठ म्हणजे काय? ज्या कामाला नाही म्हणायची सोय नाही, ते काम. मजुरी कमी की जास्त हा पुढचा प्रश्न. आपल्या वाडवडिलांना मेलेलं ढोर ओढायला सांगितलं तेव्हा त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. म्हणून ती वेठ. रिंगणातल्या हत्तीला नाही म्हणता येत नाही. तो नाही म्हणाला तर त्याला माथेफिरू म्हणतात आणि अंकुश टोचतात, नाहीतर गोळी घालतात. हा शब्द आपल्या घरातला आहे. तो हत्तीला लावायला मला कुठल्या इंग्रजी पुस्तकाची गरज पडली नाही.

राजेरजवाड्यांच्या शिकारीचे फोटो तुम्ही बघितले असतील. राजा, गोरा साहेब, बंदूक, पायाशी वाघ. फोटोच्या बाहेर हाकारे असतात. ढोल-डबे बडवत, रान उठवत वाघाला बंदुकीपुढं हाकलत आणणारी माणसं. माझा पणजा एका संस्थानात असाच हाकाऱ्याला जायचा, असं आज्जी सांगायची. बोलावणं आलं की जायचं. मजुरी नाही. एकदा रानडुकरानं त्याची मांडी फाडली, तो जन्मभर लंगडत चालला. त्या दिवशी संस्थानच्या दप्तरात किती डुकरं पडली तेवढंच लिहिलं असणार.

आणि या शौकाचा शेवट काय झाला? १९४७ साली आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानचा राजा रामानुज प्रताप सिंह देव यानं एका रात्री तीन चित्ते मारले. आपल्या देशातले ते नोंद झालेले शेवटचे चित्ते धरतात. १९५२ साली सरकारनं चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

४

राजवाड्यातली करमणूक तिकीट लावून बाजारात आली ती सर्कशीतून. ही गोष्टही आमच्याच बाजूची. विष्णुपंत छत्रे सांगली भागातल्या अंकलखोपचे. घोडे शिकवण्यात तरबेज. १८७९ साली कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईला आली. हिंदी माणसाला हे जमायचं नाही, असं तो म्हणाला आणि छत्र्यांनी ते मनावर घेतलं, असं सांगतात. २० मार्च १८८० ला छत्र्यांच्या ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ मुंबईत झाला. पुढं म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली, आणखी निघाल्या. केरळात तलश्शेरीला किलेरी कुन्हिकण्णन यांनी १९०१ साली सर्कशीची शाळा काढली आणि तिथली गरिबाघरची पोरं तंबूत आली.

गोऱ्याला दाखवून दिलं, हा अभिमान मी नाकारत नाही. झुल्यावर अंग झोकून देणाऱ्या कामगाराची कला मी डोक्यावर घेतो. तोही आपल्यासारखाच पाळीवर राबणारा. पण वाघाला जळत्या कड्यातून उडी मारायला लावण्यात देशाचा कसला अभिमान? वाघ आगीपासून लांब पळतो. तो आगीत उडी मारतो, कारण मागं चाबूक असतो. दिवसातली काही मिनिटं रिंगणात आणि बाकी सगळा जन्म चाकाच्या पिंजऱ्यात.

१४ ऑक्टोबर १९९८ ला केंद्र सरकारनं अधिसूचना काढली. पाच जनावरांना खेळ करायला लावायचं नाही. अस्वल, माकड, वाघ, पँथर आणि सिंह. सर्कसवाले कोर्टात गेले, म्हणाले आमचा धंदा करायचा हक्क जातो. २००० साली केरळ हायकोर्टानं त्यांचं म्हणणं फेटाळलं. हक्क फक्त माणसापुरतेच का असावेत, असाही प्रश्न त्या निकालात विचारला. १ मे २००१ ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल कायम केला. नेमका कामगार दिन.

त्या यादीतलं चौथं नाव परत वाचा. १९७२ साली आपल्या पोरांनी मुंबईत संघटना काढली, तेव्हा हेच नाव घेतलं. अमेरिकेतल्या काळ्यांच्या पँथरकडून घेतलं. तंबूतला, स्टुलावर पाय दुमडून बसणारा पँथर कुणाच्या मनात नव्हता. कोपऱ्यात गाठला तर उलटून येणारा होता. त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण जे नाव आपण आपल्या निशाणावर लावलं, त्या जनावराच्या गळ्यात पट्टा बघून आपल्याला काहीच वाटू नये, हे मला पटत नाही.

आणि आता ती गोष्ट, जी ऐकल्यावर माझा मित्र सगळ्यात जास्त चिडेल. सर्कशीत लहान पोरांना कामाला ठेवू नका, असा सुप्रीम कोर्टाचा हुकूम आला १८ एप्रिल २०११ ला. गरिबाघरच्या, नेपाळकडच्या पोरी तंबूत डांबल्या जात होत्या, मार खात होत्या, असं कोर्टापुढं आलं होतं. म्हणजे वाघ २००१ ला सुटला आणि पोरगी दहा वर्षांनी.

राग येतो. यायलाच पाहिजे. पण तो राग वाघावर काढायचा का? वाघ सुटला म्हणून पोरगी अडकून राहिली नव्हती. दोघं एकाच तंबूत, एकाच मालकाच्या ताब्यात होती. ज्यांना वाघाचा पिंजरा दिसला आणि शेजारच्या राहुटीतली पोरगी दिसली नाही, त्यांना जाब विचारू. आणि आपल्याला पोरगी दिसते, पिंजरा दिसत नाही, असंही होऊ द्यायचं नाही.

५

परत दरवेशाकडं येतो. त्याला मी विसरलेलो नाही.

दरवेशी, कलंदर, मदारी, गारुडी, माकडवाले, नंदीवाले. गावाला त्यांचा खेळ पाहिजे होता, मुक्काम नको होता. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि एकामागून एक भटक्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत केली. तिथली माणसं सोलापूरच्या कापड गिरण्यांत कामाला लावली. हजेरी देऊन गिरणीत, पाळी करून परत तारेच्या आत. मी गिरणी कामगार आहे. आपल्या धंद्याच्या इतिहासातलं हे पान माझ्या आधी कुणी मला दाखवलं नव्हतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. डाग गेला नाही.

मग १९९८ ची अधिसूचना आली. अस्वल नाचवायला बंदी. योग्यच होतं. पण आमच्या गावातला पोलीस आठवा. कायदा त्याच्या हातात नोटा उचलायचं साधन झाला. अस्वलाचं नाक पिकलेलंच राहिलं आणि दरवेशी उपाशी. पुढं काही प्राणीसंस्थांनी अस्वलं सोडवताना कलंदरांना धंद्याला मदत केली, पोरांना शाळेत घातलं. डिसेंबर २००९ मध्ये शेवटचं नाचणारं अस्वल सोडवल्याचं जाहीर झालं. ते काम चांगलं झालं, मी मान्य करतो. तेव्हा दोरीची दोन्ही टोकं सोडवायचा प्रयत्न झाला, म्हणून ते टिकलं. पण सगळ्या भटक्यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. २००८ साली रेणके आयोगानं आणि पुढं इदाते आयोगानं अहवाल दिले. भटक्यांच्या पालावर जाऊन विचारा, जातीचा दाखला कुणाकुणाकडं आहे.

उलट बाजूला, खेळ बंद पडला का? त्यानं कपडे बदलले. मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात सिंह आणायचे म्हणून चोवीस गावं उठवली. त्यांत सहरिया आदिवासी मोठ्या संख्येनं होते. सिंह आले नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते आले. राजानं संपवला तो चित्ता, जागा सोडली ती आदिवासीनं. आज अभयारण्यांत जिप्सी गाड्या वाघामागं रांगा लावतात. ज्याच्या आज्यानं हाकारा घातला, तो वाटाड्या म्हणून रोजावर आहे. मिळालं तर.

६

आता शेवटचं. करुणा ही आपल्याला शहरातल्या श्रीमंतांकडून उसनी आणायची नाही. ती आपल्या घरातली आहे, आणि दगडावर कोरलेली आहे.

सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजा सांगतो की आता समाज भरवायचे नाहीत. समाज म्हणजे त्या काळचे मेळे, उत्सव. त्यांत राजाला खूप दोष दिसतात. पूर्वी आपल्या मुदपाकखान्यात रोज लाखांनी प्राणी मारले जायचे, आता दोन मोर आणि एक हरीण, हरीणही रोज नाही, आणि पुढं तेही बंद होईल, असं तो लिहितो. सगळं सुधारलं असा आव आणत नाही. किती बाकी आहे, ते आकड्यानिशी दगडावर कोरून ठेवतो. असा प्रामाणिक राज्यकर्ता मला दुसरा दिसला नाही. चौथ्या लेखात लोकांना हत्तींचं दर्शन घडवल्याचाही उल्लेख आहे. म्हणजे तोही पुरता सुटला नव्हता.

आठवा शिलालेख तर थेट आपल्या विषयाचा. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघायचे, त्यांत शिकार आणि तसल्याच मौजा असायच्या. अशोक राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी बोधिस्थानी गेला आणि त्यानं विहारयात्रेच्या जागी धम्मयात्रा सुरू केली. श्रमण-ब्राह्मणांना भेटणं, म्हाताऱ्यांना मदत, खेड्यापाड्यांतल्या माणसांना भेटून बोलणं. करमणूक म्हणून जीव घेणारा राजा माणसांना भेटायला निघाला. या आठव्या लेखाचा तुकडा आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याला सापडला, १८८२ साली, पंडित भगवानलाल इंद्रजींना. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात तो ठेवलाय. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो होतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो बघून आलो. झिजलेल्या दगडावर मोजकी अक्षरं. मला धम्मलिपी वाचता येत नाही. तरी उभा राहिलो.

आणि दुसरा शिलालेख. त्यात राजा सांगतो की त्यानं दोन प्रकारची चिकित्सा सुरू केली, माणसांसाठी आणि जनावरांसाठी. औषधी वनस्पती नव्हत्या तिथं लावल्या, रस्त्याकडंला विहिरी खणल्या, झाडं लावली, माणसांना आणि जनावरांना उपयोगी पडावीत म्हणून. माणूस आधी की जनावर आधी, हा वाद त्यानं घातला नाही. दोघांना एका ओळीत घेतलं.

म्हणून मित्रा, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. संबंध आहे. वेठीचा आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला नाचवून हसणं बरोबर नाही, तो दोन पायांचा असो की चार. आपण हे दुसऱ्या कुणाहीपेक्षा लवकर ओळखायला पाहिजे, कारण आपण रिंगणात राहून आलोय. जत्रेत, मिरवणुकीत, लग्नात, आणि आपल्या स्वतःच्या जयंतीतही, साखळीतला हत्ती नको, पिंजऱ्यातलं जनावर नको. कुणी ट्रकवर असं जनावर आणायला निघाला तर आपणच आधी आडवं जायचं. त्याच वेळी ज्याच्या हातातून दोरी काढून घ्यायची, त्या भटक्याच्या जागेसाठी, दाखल्यासाठी, पोराच्या शाळेसाठी तहसीलवर मोर्चा आपलाच निघाला पाहिजे. एकच मागणी करून घरी बसायचं नाही.

महादेवीचं मठात बरं की जामनगरात, ते मी इथं ठरवत नाही. त्या सगळ्या गोंगाटात मठ बोलला, कोर्ट बोललं, संस्था बोलल्या. माहुताचं नाव मला कुणाच्या तोंडून ऐकू आलं नाही. वर्षानुवर्षं तिला चारा घालणारा, तिच्याबरोबर उन्हात चालणारा. पुढच्या पाळीला मित्र भेटला की आधी त्याला हेच विचारणार आहे, त्या माहुताचं काय झालं, तुला ठाऊक आहे का? त्याला ठाऊक नसेल, मलाही नाही. मग सुट्टीच्या दिवशी दोघं सायकल काढू आणि नांदणीला जाऊन विचारून येऊ.

जयभीम.